पणजीचा कॅसिनो आणि आमचं नऊ माणसांचं कुटुंब

घरच्यांना घेऊन कॅसिनोला जायचं असेल तर आधी सगळ्यांची आधार कार्डं टेबलावर मांडा. प्रत्येकाची जन्मतारीख बघा, पत्ता बघा. आम्ही हे केलं नाही. नऊ जण नटूनथटून बोटीवरच्या कॅसिनोसाठी मांडवी नदीच्या काठावर पोचलो आणि तिघांना तिथूनच मागं फिरावं लागलं.

आम्ही कोल्हापूरचे. आजरा-आंबोली मार्गे स्वतःच्या गाडीनं गेलो. रस्त्याचं काही लिहीत नाही, घाटात गाडी चालवता येते हे धरूनच चाललोय. मी, बायको, आठ वर्षांची मुलगी, एकाहत्तरीची आई, धाकटा भाऊ, भावजय आणि पुतण्या. ताई म्हापशाला दिलेली, ती आणि दाजी पणजीत येऊन मिळणार होते. मुक्काम कळंगुटला. ही पहिली चूक, पण ती रात्री दीड वाजता कळली.

कॅसिनोचं खूळ भावाचं. त्याच्या ओळखीतल्या कुणीतरी नंबर दिला होता. फोनवरच्या माणसानं सांगितलं, माणशी दोन हजार, जेवण, दारू, नाच-गाणं सगळं त्यातच, मुलांचीही सोय आहे, फक्त चार हजार ॲडव्हान्स टाका. भावानं टाकले. शनिवारी जेटीजवळच्या काउंटरवर गेलो तर तिथं त्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्याचा फोन आधी बिझी, मग बंद. शनिवारचा दर माणशी साडेतीन हजार आणि मुलीचे दीड हजार. चार हजार पाण्यात. दयानंद बांदोडकर मार्गावर संध्याकाळी गळ्यात पट्टा घातलेली पोरं ‘कॅसिनो, कॅसिनो’ करत गाडीच्या काचेशी येतात, त्यांनाही हेच लागू. पैसे द्यायचे ते काउंटरवर, पावती घेऊन. आणि शुक्रवार ते रविवार जाऊ नका. दर चढे असतात, गर्दी वेगळीच.

आता आधार कार्डं. पुतण्या वीस वर्षं सात महिन्यांचा. नियम एकवीस पूर्ण. भावजयीनं काउंटरवरच्या मुलीला विनवून पाहिलं, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, शहाणा आहे. ती मुलगी हसली आणि पुढच्या माणसाकडं वळली. मग ताई आणि दाजी. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना खेळायला आत सोडत नाहीत, बाहेरच्या पर्यटकांनाच प्रवेश. ताई म्हणत राहिली, “अहो, मी कोल्हापूरची.” पण कार्डावर पत्ता म्हापशाचा. दाजी शांत उभे होते. “आमकां सोडिनात,” एवढंच म्हणाले. तुम्हाला हे माहीत होतं तर बोलला का नाहीत, असं विचारलं तर म्हणाले, “मी तुम्हांला भेटायला येतो म्हटलं होतं, आत येतो असं कुठं म्हटलं?” या बोटी मांडवीतून हलवणार असं सरकार किती वर्षं म्हणतंय आणि दरवेळी मुदतवाढ कशी मिळते, हेही त्यांनी तिथंच ऐकवलं. रांगेतली दिल्लीची मंडळी त्यांच्याकडं बघत होती.

चौथा अडकला तो भाऊच. थ्री-फोर्थ आणि चप्पल. पुरुषांना फुल पँट आणि बूट लागतात. एरवी अजून एक खर्च झाला असता, पण पुतण्या नाहीतरी परतच चालला होता. दाजींच्या गाडीत बापलेकांनी पँटी बदलल्या. पुतण्याची जीन्स भावाच्या पोटावर कशीबशी बसली, बूट एक नंबर लहान. रात्रभर तो दुखावल्यासारखा चालत होता.

आत शिरण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, कारण आईला ती शेवटपर्यंत पटली नाही: बोट कुठंही जात नाही. नदीत नांगरलेली असते. लहान होडीतून तुम्हाला तिथं नेतात आणि परत आणतात, एवढाच जलप्रवास. आईला वाटलं होतं, समुद्रात फेरी मारून आणतील. नदीवर गाणी-बिणी ऐकत तासभर फिरायचं असेल तर पुलाजवळच्या सांता मोनिका जेटीवरून सुटणारी क्रूझ वेगळी, तिचं तिकीट वेगळं. रस्त्यावर ही दोन्ही नावं मुद्दाम एकमेकांत मिसळून सांगतात.

लहान होडीत चढताना फळीवरून जावं लागतं. तरण्याताठ्या माणसाला काहीच नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी मात्र फळी, होडी आणि पाणी तिन्ही एकाच वेळी हलतात. कर्मचाऱ्यांनी हात धरला, ते चांगलेच वागले. तरीही घरात कुणाचे गुडघे गेलेले असतील तर किनाऱ्यावरच्या हॉटेलातला कॅसिनो बघा. फरक एवढाच की कायद्यानं पंचतारांकित हॉटेलात मशिनवरच्या खेळांना परवानगी आहे, पत्त्यांची टेबलं नदीतल्या बोटींना. आईला नाहीतरी पत्ते श्रावणात लागतात तेवढेच.

मुलांची सोय म्हणजे एक खोली. दोन व्हिडिओ गेम, एक टीव्ही, एक सांभाळणारी मुलगी, आणि कंटाळलेली सात-आठ पोरं. खेळाच्या मजल्यावर मुलांना नेता येत नाही, ते बरोबरच आहे. पण मुलगी तिथं एकटी थांबेना. म्हणून बायको दोन तास तिच्याजवळ बसली. साडेतीन हजार भरून कार्टून! मधेच मी बदली द्यायला गेलो तर ती म्हणाली, “राहू दे, आता शेवट आलाय.” मुलांना नेऊ नका. हे सरळ सांगतोय, यात ‘पण’ नाही.

खेळाचं थोडक्यात. पॅकेजमध्ये हजार-दीड हजाराची खेळायची कूपनं मिळतात, त्यांना तिथं वन टाइम प्ले म्हणतात. भावाला वाटलं, न खेळता परत दिली की पैसे मिळतील. तसं नाही. कूपन एकदाच लावायचं. हरलात तर गेलं, जिंकलात तर जिंकलेली रक्कम खऱ्या चिप्समध्ये येते आणि कूपन तरीही जातं. रोख देऊन चिप्स घेणार असाल तर काउंटरवर आधी विचारा की अमुक रुपये दिले तर हातात किती किमतीच्या चिप्स येतील. या व्यवहारावरचा जीएसटी १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय.

भाऊ अंदर-बाहर या पत्त्यांच्या खेळावर सुरुवातीला तीन हजार जिंकला. तिथं उठला असता तर मी हे सगळं वेगळ्या सुरात लिहिलं असतं. मग तो रूलेटवर गेला. फिरत्या चाकावर गोळी सोडतात आणि ती कुठल्या घरात थांबते त्यावर पैसे लावायचे. चाकावर ३७ घरं, १८ लाल, १८ काळी आणि एक शून्य. एका आकड्यावर लावून जिंकलात तर एकास पस्तीस मिळतात, म्हणजे दर शंभर रुपयांमागं सरासरी दोन रुपये सत्तर पैसे कॅसिनोचे. ऐकायला कमी वाटतं. पण गोळी मिनिटामिनिटाला फिरते आणि दारू फुकट असते. साडेबारापर्यंत तीन हजार गेले, वर साडेसात हजार गेले.

जेवण बरं होतं. शनिवार म्हणून आईचं शाकाहारी, तिलाही भरपूर मिळालं. पोळी कोमट होती, हे तिनं मला तीन वेळा सांगितलं.

आणि आता ती वेळ, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो. शो साधारण साडेबाराला संपला आणि सगळी बोट एकदम उठली. परतीच्या होडीला रांग. मुलगी माझ्या खांद्यावर झोपलेली, आई एका खुर्चीवर, भाऊ बूट काढून उभा. पाऊण तासानं नंबर लागला. जेटीवर उतरलो तर दीड वाजलेला. गोव्यात ओला-उबर चालत नाही. आम्ही दोघं पिणार म्हणून आपली गाडी कळंगुटलाच ठेवली होती, संध्याकाळी टॅक्सीनं चौदाशेत आलो होतो. तेच पंधरा-एक किलोमीटर परत जायला तीन हजार. दोघा-तिघांना विचारलं, सगळ्यांचा एकच आकडा. घासाघीस करायची ताकद कुणातच नव्हती, आणि ते त्यांना आपल्याकडं बघूनच कळतं. दिले.

तेव्हा मुक्काम पणजीतच करा, चालत जाता येईल इतक्या जवळ. हॉटेल पाचशे-हजारानं महाग पडलं तरी पडू दे. नाहीतर जाताना जी टॅक्सी केली तिच्याशीच परतीचं ठरवून ठेवा. आणि शो संपायच्या अर्धा तास आधी उठा. शेवटचा नाच चुकला तर काही बिघडत नाही, मी पाहिलाय.

मागं राहिलेल्या तिघांची संध्याकाळ? दाजींनी त्यांना बेतीच्या फेरीबोटीत बसवलं. पायी माणसाला तिकीट नाही. तीन वेळा पलीकडं जाऊन आले, कॅसिनोच्या सगळ्या दिव्यांचे फोटो काढले, संमोहनासाठी प्रसिद्ध असलेल्या आबे फारियाच्या पुतळ्याखाली उभं राहून पुतण्यानं संमोहित झाल्याचं नाटक केलं, मग गाड्यावर रोस ऑम्लेट, म्हणजे रश्शातलं ऑम्लेट, खाल्लं. तिघांचे मिळून चारशे रुपये. आमच्या जवळजवळ पस्तीस हजारांपेक्षा फोटोही त्यांचेच चांगले आलेत, कारण बोटीवर खेळाच्या मजल्यावर फोटो काढू देत नाहीत.

नंतरचे दोन दिवस मंगेशी, मिरामार, जुनं गोवं असे गेले. छान गेले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एक राहिलं. चिप्स बोटीवरच्या कॅशिअरकडंच मोडून मिळतात, तेव्हा उतरण्याआधी खिसे तपासा. परतीला आंबोलीत चहाला थांबलो तेव्हा पुतण्यानं आपल्या जीन्समध्ये हात घातला आणि शंभराची चिप बाहेर काढली. भाऊ म्हणाला, “दे इकडं.” पुतण्यानं ती परत खिशात ठेवली. त्याला एकवीस व्हायला पाच महिने आहेत.