तुम्ही विचारलंत म्हणून: कोर्सवर्क टाळून डॉक्टरेट होते का?

ऑफिसात, नात्यात, मुलाच्या शाळेच्या पालकसभेत, कुठंही मी मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करतेय हे कळलं की दोन-चार वाक्यांत गाडी तिथंच येते. इतकी वर्षं नोकरी झाल्यावर पुन्हा वर्गात बसून पेपर कसले देताय? कोर्सवर्कची कटकट नसलेलं काहीतरी बघा. ऑनलाइन डीबीए असतं की!

असतं. (डीबीए म्हणजे डॉक्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, व्यवस्थापनातली डॉक्टरेट.) पण आधी नियम सांगून टाकते. भारतातल्या विद्यापीठाची पीएचडी असेल तर कोर्सवर्क, म्हणजे प्रबंधाआधीचे तास आणि पेपर, चुकत नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नोव्हेंबर 2022च्या नियमांप्रमाणे ते किमान 12 क्रेडिटचं असतं, त्यात संशोधन आणि प्रकाशनाच्या नैतिकतेचा पेपर आलाच, आणि 55 टक्के पडल्याशिवाय पुढचा रस्ता बंद. मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुन्हा नोंदणी केली तर आणखी दोन मिळतात, आणि आम्हा बायकांना त्यावर दोन वर्षांची सवलत. अर्धवेळ करता येतं. दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन नाही. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक कंपन्या ज्या 'ऑनलाइन पीएचडी' विकतात त्या मान्य नाहीत, हे यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची नियामक परिषद) यांनी ऑक्टोबर 2022मध्येच जाहीर केलंय. तरी माझ्या फोनवर त्यांच्या जाहिराती रोज येतात.

डीबीए म्हणजे हलकं, असं मात्र समजू नका. ब्रिटनमधल्या चांगल्या विद्यापीठांत ते नोकरी करणाऱ्या मॅनेजरांसाठीच आखलेलं असतं, आणि तिथंही आधी शिकवले जाणारे विषय, मग प्रबंध. आपल्याकडे आयआयएम अहमदाबादनं 1971मध्ये फेलो प्रोग्रॅम सुरू केला, त्याचाही सांगाडा तोच: सुरुवातीला कोर्सेस, मग सर्वंकष परीक्षा, मग संशोधन. (आयआयएमना पदवी द्यायचा अधिकार नव्हता म्हणून इतकी वर्षं 'फेलो'. 2017चा कायदा आल्यावर त्याची पीएचडी झाली.) तेव्हा जिथं शिकवणंच नाही तिथं फी सोडली तर फारसं काही उरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मूळ मुद्दा. मी चाकणमधल्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत परचेसला, म्हणजे खरेदी विभागात आहे. प्रेस पार्ट, टर्निंगचे जॉब, छोटे फिक्स्चर, हे सगळं आम्ही भोसरी-तळवडे भागातल्या लहान वर्कशॉपांकडून घेतो. माझा विषय याच टेबलावरचा: पेमेंट उशिरा मिळणार हे ठाऊक असलेला व्हेंडर, म्हणजे माल पुरवणारा, कोटेशनमध्ये तो उशीर धरून दर चढवतो का, आणि चढवत असेल तर किती? मला वाटायचं, उत्तर मला माहीतच आहे. चढवतो. परचेसमधला कुणीही हेच सांगेल. आकडे गोळा करायचे आणि सिद्ध करायचं, एवढंच बाकी.

संख्याशास्त्राच्या तासाला मी हे मांडलं. समोरचे सर कधी कारखान्यात नोकरीला नव्हते, आयुष्य सगळं फळ्यासमोर गेलेलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, उलटं नसेल कशावरून? ज्याचा दर जास्त, त्याचंच पेमेंट तुमचे लोक लांबवत असतील."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण असं होतं. महाग व्हेंडरचं बिल 'क्वालिटी क्लिअरन्स बाकी' म्हणून ट्रेमध्ये खाली सरकवलेलं मी शेकडो वेळा पाहिलंय. म्हणजे उशीर आणि चढा दर माझ्या आकड्यांत सोबत दिसणार, पण कुणामुळं कोण, हे त्या आकड्यांतून कळणार नाही. शिवाय लहान लॉट घेणाऱ्याचा दर मुळातच जास्त असतो, ते वेगळंच. अनुभवानं मला उत्तर दिलं होतं, पण ते उत्तर तपासायचं कसं हे अनुभव शिकवत नाही. त्यासाठीच तो तास होता.

वाटही त्याच कोर्सवर्कमध्ये सापडली. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, हा कायदा 2006पासून आहे. करार नसेल तर 15च दिवस. पाळतं कोण? पण 1961च्या आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आलं आणि 1 एप्रिल 2024पासून लागू झालं, म्हणजे 2023-24 या आर्थिक वर्षाच्या हिशेबापासूनच. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरा. म्हणून 2024च्या मार्चमध्ये कुठल्याही कंपनीच्या अकाउंट्स विभागात जो बसला असेल त्याला ती धावपळ आठवत असेल. जी बिलं महिनोन्महिने हलत नव्हती ती पटापट निघाली. गंमत अशी की हे कलम मध्यम उद्योगांना लागू नाही. म्हणजे दोन गट आयतेच मिळाले: एकाचं पेमेंट कायद्यानं सुधारलं, दुसऱ्याचं आहे तसंच. लघुवाल्यांचे दर त्यानंतर मध्यमवाल्यांच्या तुलनेत उतरले का, हे बघायचं. 'आधी-नंतर' आणि 'हे-ते' अशी दुहेरी वजाबाकी. अर्थशास्त्रातली ही जुनी, रुळलेली पद्धत, पण परचेसच्या खुर्चीत बसून ती मला जन्मात सुचली नसती.

(सरकारनं 1 एप्रिल 2025पासून व्याख्याच बदलल्या. लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा 50 कोटींवरून 100 कोटींवर गेली आणि माझ्या यादीतले काही मध्यम एका रात्रीत लघु झाले. माझ्या गाइड, म्हणजे संशोधन मार्गदर्शक, म्हणाल्या, अडचण समजू नका, आणखी एक तुलना मिळाली समजा. गाइड अशाच बोलतात.)

प्रश्नावलीचंही सांगते, कारण आपल्याकडच्या मॅनेजमेंटच्या प्रबंधांत प्रश्नावली म्हणजे कुलदैवत. शंभर-दोनशे फॉर्म, 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत पाच खुणा, शीर्षकात 'विशेष संदर्भ: पुणे जिल्हा', झाला अभ्यास. मीही चाचणी म्हणून थोडे फॉर्म भरून घेतले. भोसरीतल्या एका शेडमध्ये मालकांनी चहा मागवला, हात पुसले आणि 'ग्राहक कंपन्या वेळेवर पेमेंट करतात' या वाक्यापुढं 'पूर्णपणे सहमत'वर ठसठशीत खूण केली. मागं त्यांच्या हिशेबनीस बाई फोनवर कुणाला तरी थकलेली बिलं वाचून दाखवत होत्या. मी त्यांची व्हेंडर नव्हते, ग्राहकही नव्हते, पण परचेसवालीला खरं कोण सांगणार? नमुना निवडताना, प्रश्न विचारताना विचारणारी व्यक्तीच उत्तर कसं वाकवते, हे पद्धतीशास्त्राच्या पेपरात शिकलेलं तिथं डोळ्यांसमोर घडलं. तेव्हापासून मी मत विचारत नाही. बिलाची तारीख, बँकेत पैसे जमा झाल्याची तारीख आणि कोटेशन, एवढंच मागते. व्हेंडरचं नाव नाही, फक्त क्रमांक. माझ्या स्वतःच्या कंपनीचे व्हेंडर यादीतून वगळलेत.

वेळ कसा काढता, हाही जोडप्रश्न असतो. शनिवार-रविवार जातात. लग्नकार्यं बुडतात. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढं उभं राहावं लागतं, आणि त्याआधीचा आठवडा घरात माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. सासूबाईंनी 43बी(एच) माझ्याइतकंच ऐकलंय. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

खरी खिंड एनओसीची, म्हणजे ना हरकत पत्राची. अर्धवेळ प्रवेशासाठी नोकरीच्या ठिकाणाहून जे पत्र लागतं, त्यात गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी उमेदवाराला कामातून मोकळं करू, असंही लिहून द्यावं लागतं. एचआरचे लोक पहिली दोन वाक्यं हसत वाचतात आणि या वाक्याशी थांबतात. म्हणून प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी हे पत्र हातात घ्या. मग विद्यापीठात जाऊन संख्याशास्त्र कोण शिकवतं, तास कोणत्या वारी असतात आणि तुमच्या विषयातल्या गाइडकडं जागा आहे का, हे विचारा. प्राध्यापकाला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार, त्यामुळं चांगल्या गाइडकडं जागा पटकन भरतात. फीचं नंतर बघू. जाहिरातींतल्या कोर्सेसच्या मानानं ती बहुधा कमी असते.