दगड पिकायला लागलेला वेळ

आमचं रान मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. मी सोलापुरात असते, रान दादा बघतो. सप्टेंबर 2025 च्या पुरात नदीकडचा दीड एकर खरडून गेला. रस्ता सुरू झाल्यावर मी गेले, तेव्हा दादा बांधावर नुसता उभा होता. ऊस नव्हता. ठिबकच्या नळ्या बाभळीच्या फांद्यांत अडकल्या होत्या. आणि काळ्या रानाच्या जागी पिवळट मुरूम उघडा पडला होता.

तो मुरूम मी ओळखला. सात वर्षांची असताना तो मी विहिरीत पाहिला होता.

1988 साली आबांनी विहीर पाडली. दुपारी जेवण घेऊन आईबरोबर मी जायची आणि काठावर पालथी पडून आत बघायची. वर परसभर, म्हणजे माणूसभर खोल, काळी माती, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे. खाली मुरूम. त्याखाली काळा पाषाण, त्याला सुरुंग लावावा लागला. मुरमात मधेमधे गोल धोंडे होते. हाताने चोळले की कांद्यासारखे पापुद्रे सुटायचे आणि आत निबर काळा गाभा लागायचा. आबा म्हणायचे, "दगूड पिकायलाय बघ. पिकला की माती हुतीय."

पुढे बी.एस्सी.ला भूशास्त्र घेतलं तेव्हा कळलं, आबांचं बरोबर होतं. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. महाबळेश्वराकडे या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात आहे, आपल्याकडे येईपर्यंत ती खूप कमी होते. किल्लारीला भूकंपानंतर खोल छिद्र घेतलं, तिथे 338 मीटरवर हा काळा दगड संपला आणि बऱ्याच जुन्या खडकाचा पाया लागला. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि दगडाच्या सांध्यांत मुरतं. धोंड्याचे कोपरे सगळ्यांत आधी झिजतात, म्हणून तो गोल होतो. त्यातली खनिजं बदलून चिकणमाती होते. एक इंच माती व्हायला शेकडो वर्षं जातात, आणि आमच्या विहिरीच्या काठाला ती परसभर होती.

ही माती स्वस्थ बसत नाही. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात आमच्या रानात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडायच्या. शेळीचं करडू भेगेत पाय अडकून ओरडत होतं, ते मीच सोडवलं होतं. वरची भुसभुशीत माती भेगेत पडते, पावसात खालची फुगून वर रेटते. काळं रान स्वतःच स्वतःला नांगरतं म्हणतात, ते यामुळे. शहरात याच गुणाचा त्रास होतो. पाया मुरमापर्यंत नेला नाही की भिंतींना तिरक्या चिरा पडतात. जुळे सोलापुरातल्या आमच्या पहिल्या घराच्या स्वयंपाकघरात तशी एक होती. दर मे महिन्यात ती रुंदायची, गौरी-गणपतीपर्यंत मिटायची.

जमीन एका झटक्यात काय करू शकते हे मी बाराव्या वर्षी पाहिलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून सगळे उशिरा झोपलो होतो. मांडणीवरची भांडी खाली आली. आईने मला फरफटत अंगणात नेलं. आम्ही वाचलो, किल्लारी-सास्तूरकडची माणसं हजारोंनी गेली. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो, हिमालयाला रेटतो. तो ताण इकडच्या जुन्या खडकातही साठतो, आणि त्या पहाटे तो सुटला. किल्लारीजवळ जमिनीला उंचवटा आला, तोही माणसाच्या उंचीपेक्षा कमीच. पण घरं होती माळवदाची. मातीत रचलेले धोंडे आणि डोक्यावर कितीतरी टन माती. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छत माणसांच्या अंगावर आलं. मला आजही माळवदाखाली झोप लागत नाही.

आता पुराचं. दादा सांगत होता, पाणी चढताना रान टिकलं होतं, गेलं ते ओसरताना. मला ते पटलं. पाण्याखाली दरडीची माती भिजून जड झाली होती, तोवर नदीचं पाणीच तिला बाहेरून टेकू देत होतं. पाणी उतरलं, टेकू गेला, आणि घराएवढे ढेकूळ नदीत बसले. त्यात आमचं रान वळणाच्या बाहेरच्या अंगाला. तिथे धार जोरात आदळते आणि कापते. समोरच्या काठाला, आतल्या अंगाला, पाणी मंद होतं म्हणून तिथे वाळू आणि गाळ बसला. म्हणजे आमचं थोडं रान समोरच्यांकडे गेलं. बाकीचं हत्तरसंग-कुडलला भीमेत, पुढे कृष्णेत, आणि तिथून बंगालच्या उपसागरात.

दिवाळीत मी कुडलला गेले. संगमावर इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. तिथलं हरिहरेश्वराचं मंदिर मातीच्या ढिगाऱ्याखाली गाडलं गेलं होतं, उकरून काढावं लागलं. एक हजार वर्षांपूर्वीची अक्षरं दगडावर अजून वाचता येतात. त्यापुढे एका रात्रीत परसभर रान जातं हे मला तिथे उभं राहून सहन होईना. मी पाण्याकडे बघत बसले. पाणी काळपट तांबूस होतं. त्यात आमचंही काही असणार.

दादाने हात-पाय गाळले नाहीत. जवळच्या तलावातला गाळ आणून टाकायचं ठरवलं. तो गाळ म्हणजे वरच्या रानांतून वाहून आलेली मातीच, कुणाच्या ना कुणाच्या बांधावरची. ट्रॅक्टरची भाडी परवडेनात, म्हणून सध्या फक्त दहा गुंठे झालेत. उरलेल्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी पेरली, गाळावर हरभरा टाकला. हरभरा बेताचाच आला. मी म्हटलं, नव्या मातीला वेळ लागतो. तो म्हणाला, "तुझा वेळ लई लांबचा असतोय, ताई. मला औंदाचं सांग."

मला औंदाचं सांगता आलं नाही.

मागच्या आठवड्यात त्याने फोटो पाठवला. हरभरा काढलेलं मोकळं रान, गाळाचा तुकडा, आणि त्याच्या मधोमध बोटभर रुंदीची एक वाकडी भेग. खाली लिहिलं होतं, "भेगाळलं बघ."