कारण सांगितलं म्हणजे पाठीशी घातलं?

एदुआर लुईचं नाव काढलं की प्रश्न ठरलेला: 'हे फ्रेंच लेखक गुन्हेगाराची गरिबी उगाळतात, म्हणजे त्याला पाठीशीच घालतात ना?' पुन्हा विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

जानेवारी २०१६ मध्ये दहशतवादी हल्ल्याच्या स्मृतिसभेत फ्रान्सचे तेव्हाचे पंतप्रधान मान्युएल वाल्सही तेच म्हणाले होते: कारण सांगणं म्हणजे थोडीफार माफी देणंच. त्याच महिन्यात लुईची स्वतःच्याच अनुभवावरची कादंबरी 'इस्त्वार द ला व्हियोलाँस' (हिंसेचा इतिहास) आली. २०१२ च्या नाताळच्या आदल्या रात्री निवेदक पॅरिसमध्ये रस्त्यात भेटलेल्या रेदाला घरी नेतो. चोरीचा विषय निघतो, आणि रेदाला वाटतं, ह्याने माझ्या आईचा अपमान केला. मग मफलरने गळा आवळणं, पिस्तूल, बलात्कार. लुई यातलं काहीच सौम्य करत नाही. काही तासांनी निवेदक चादरी धुवायला खाली लाँड्रीत जातो. पण हे आपल्याला सांगतं कोण? बरंचसं त्याची बहीण, आपल्या नवऱ्याला. हा दाराआडून ऐकतो आणि मधेमधे तिचं खोडून काढतो. ठाण्यात रेदा कबाइल, म्हणजे अल्जीरियातल्या बर्बर समाजातला, आहे म्हटल्याबरोबर पोलीस 'मगरेबी (उत्तर आफ्रिकी) छाप' लिहून मोकळे. मित्रांनी भरीस घातलं म्हणून केलेली तक्रार, आणि तीही निवेदकाच्या हातात राहत नाही. अल्जीरियातून आलेल्या रेदाच्या बापाचं मजुरांच्या वसतिगृहातलं जिणंही इथेच येतं. त्याने गळ्यावरचे वळ पुसले जात नाहीत.

आणि दोष ठेवायला लुई कचरतो कुठे? कारखान्यात पाठ मोडलेल्या बापावरच्या २०१८ च्या पुस्तकात तो राष्ट्राध्यक्षांची, मंत्र्यांची नावं घेतो. घरभाड्याच्या मदतीतून महिन्याला ५ युरो कापले, तेही मांडतो. कारणं शोधली की आरोपी कमी होत नाहीत, वाढतात.

पूर्वी मी इथेच थांबायचे. हल्ली थांबवत नाही. रेदाच्या बापाची हकिकतही आपल्याला मिळते ती रेदाने ज्याचा गळा आवळला त्याच्याच लेखणीतून. निकोला माथ्यूच्या २०१८ च्या गाँकूर-विजेत्या कादंबरीत, पोलादाच्या भट्ट्या थंड पडलेल्या ईशान्य फ्रान्समधल्या लोरेनमध्ये, नायक अँथनीच्या बापाची मोटारसायकल चोरणाऱ्या हासीनच्या नजरेतून लिहिलेली प्रकरणं आहेत. तो तिथे स्वतःच्या डोक्याने चुकतो, चिडतो, कंटाळतो. रेदाला तेवढी जागा नाही. पाठीशी घालण्याचा आरोप मला पटत नाही. पण रेदाला बोलू दिलं का, असं विचारलंत तर माझ्याकडे उत्तर नाही.