खारीची किंमत किती?

खारी ही आमची कुत्री. आमच्याकडे आली 2021च्या पावसाळ्यात, सिंहगड रोडवरच्या चहाच्या टपरीखालून. रंग चहाबरोबरच्या खारीचा, म्हणून नावही तेच. त्यामुळे तिच्या विम्याच्या पहिल्याच फॉर्मवर ‘खरेदी किंमत’ असा रकाना आला तेव्हा मी अडकले. फोनवरच्या मुलाला म्हटलं, "अहो, देशी आहे. फुकट मिळाली." तो गप्प. मग म्हणाला, "मॅडम, काहीतरी आकडा तर टाकावा लागेल."

अण्णांना हे सांगितलं तर ते हसतच सुटले. सांगोल्याकडे आमच्या म्हशींचा विमा असायचा. डॉक्टर येऊन दात बघून किंमत लिहायचे, कानात बिल्ला मारायचे. म्हैस मेली की पंचनामा, पोस्टमॉर्टेम आणि तो बिल्ला हजर करायचा. बिल्ला नाही तर दावा नाही. कुत्र्यांच्या जुन्या पॉलिस्याही याच घराण्यातल्या: जनावर किती रुपयांचं, ते मेलं तर किती द्यायचे. आता उपचारांचा खर्च देणाऱ्या पॉलिस्या आल्यात (पुण्याच्या बजाज अलियान्झने 2020 मध्ये आणली, त्यात देशी आणि मिश्र जातीही चालत होत्या), पण फॉर्मला म्हशीची सवय अजून आहे.

मला खारी मेल्यावर पैसे नकोत. आजारी पडली तर हवेत.

मी हिशेबनीस. माहितीपत्रकातली हसरी गोल्डन रिट्रीव्हर बाजूला ठेवली आणि मागच्या वर्षीच्या पावत्यांची पिशवी काढली. खारीला गोचीड ताप झाला होता. दोन दिवस खाल्लं नाही, हिरड्या पांढुरक्या पडल्या, प्लेटलेट 38 हजारांवर. पाच दिवस सलाइन, तीनदा रक्ततपासणी, अठ्ठावीस दिवस डॉक्सीसायक्लिन. ती गोळी मी पनीरमध्ये लपवायचे आणि खारी पनीर खाऊन गोळी स्वच्छ पुसल्यासारखी फरशीवर ठेवायची. एकूण बिल 14,300.

हेच बिल मी तीन पॉलिस्यांना मनातल्या मनात लावून पाहिलं. पहिलीत ‘भरती’ म्हणजे सलग 24 तास. आमच्या दवाखान्यात रात्री कुणी थांबत नाही. सकाळी दहाला सलाइन लावायचं, संध्याकाळी कुत्रं घरी. पाच दिवस गेलो तरी भरती शून्य, म्हणजे पैसेही शून्य. दुसरीत दिवसाचे उपचार चालत होते, पण बाहेरच्या लॅबमधली रक्ततपासणी नाही. तिसरीत दोन्ही चालत होतं, 20 टक्के आपले. म्हणजे 11,440 मिळाले असते.

मग तिसरीच्या फॉर्मवर आधीच्या आजारांचा रकाना आला. एजंट म्हणाले, "ताई, ते लिहू नका, कोण बघतंय." बघतात. दाव्याच्या वेळी दवाखान्याची पूर्ण फाइल मागतात, आणि आमच्या डॉक्टरांच्या फाइलीत गोचीड ताप लाल पेनने लिहिलाय. मी लिहिला. उत्तर आलं: तो आजार वगळून पॉलिसी मिळेल.

इथे नवरा म्हणाला, मग घेतेस कशाला? प्रश्न रास्त होता. पण शेजारच्या काकांच्या लॅब्रॅडॉरने जुलैमध्ये गडाच्या पायथ्याशी कुणीतरी फेकलेलं भाजक्या मक्याचं बुरकुंड गिळलं. आतड्यात अडकलं, पोट उघडावं लागलं, 46,000. खारीला तर चप्पल, रबर, सुतळी, सगळं पौष्टिकच वाटतं.

म्हणून भरती आणि शस्त्रक्रिया घेतलं, 50,000 पर्यंत. चोरी आणि मृत्यू सोडून दिलं, त्यात पुन्हा तोच किमतीचा प्रश्न येतो. खारीमुळे दुसऱ्या कुणाला झालेल्या इजेची भरपाई मात्र घेतली. लिफ्टचं दार उघडलं की खारी पार्सलवाल्या मुलांवर भुंकत धावते. अजून चावली नाही, पण एखादा घाबरून जिन्यात पडला तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये जनावर नीट न सांभाळणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तो दंड विमा भरत नाही. पडलेल्याच्या हाडाचा खर्च निघाला तरी पुष्कळ.

हप्ता 2,650, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,127. आमच्या दोघांच्या आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला, हिचा आहेच.

लसीचं पुस्तक शोधायला एक संध्याकाळ गेली. पार्व्हो-डिस्टेंपरची लस वेळेवर नसेल तर त्या आजारांचा दावा चालत नाही, आणि आमचा 2023चा शिक्का पुसट. डॉक्टरांनी पुन्हा मारून दिला. फोटो डावीकडून, उजवीकडून, समोरून. समोरच्यात तिने जीभ बाहेर काढलीय, तोच मंजूर झाला.

शेवटी मायक्रोचिप. दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली, 15 आकडी नंबर. सुई जाड होती, खारीने फक्त माझ्याकडे पाहिलं. रात्री अण्णांना फोन केला.

"बिल्ला मारला का?"

"मारला अण्णा. कातडीखाली. तांदळाएवढा."

"मग पंचनाम्याला दिसायचा कसा?"

"मशीन फिरवलं की नंबर येतो."

ते जरा थांबले. "आन् किंमत काय लावली?"


रकान्यात मी शेवटी एक रुपया लिहिला होता. ते त्यांना सांगितलं नाही.