औंध संस्थान, दोन भाऊ, दोन सिनेमे: पावसाळी खेपेची नोंद

मंडळी, आपल्या सांगली-साताऱ्याच्या मातीतून उगवलेले सिनेमे ओळीनं बघायचं काम सुरू आहे, त्याची ही पुढची नोंद. या खेपेला 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि 'बनगरवाडी' (१९९५) लागोपाठच्या शनिवारी पाहिले. जागा नेहमीचीच, विट्यात मित्राची यंत्रमागाची रिकामी शेड. भिंतीला चुना मारून घेतलाय आणि स्पीकर या वेळी बरा मिळाला, त्यामुळे संवाद नीट ऐकू आले.

ही जोडी मुद्दाम लावली होती. पहिल्या सिनेमाची कथा ग. दि. माडगूळकरांची. दुसरा व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरचा, पटकथाही त्यांचीच. दोघे सख्खे भाऊ, माडगुळ्याचे, आटपाडी तालुक्यातले. आणि दोन्ही गोष्टींचं मूळ एकाच छोट्या संस्थानात, औंधात. राजधानी आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी महाल आज सांगली जिल्ह्यात, मधे दुसऱ्यांचा मुलूख, असं ते तुकड्या-तुकड्यांचं राज्य होतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हटलं की लोकांना सूर्यनमस्कार आठवतात आणि यमाईच्या डोंगरावरचं संग्रहालय आठवतं. पण त्याच राजानं १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलच्या माळावर जागा दिली, आणि त्याच राजाच्या काळात, १९३९ मध्ये, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. खुनाची शिक्षा झालेल्या माणसांना कोठडीतून काढून उघड्या रानात शेतीला लावायचं, असा तो प्रयोग. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचा त्यात मोठा हात होता. 'दो आँखें' तिथून आला.

आता सिनेमाकडे येतो.

'दो आँखें' आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी दूरदर्शनवर पाहिलाय, आणि त्यातली प्रार्थना शाळेत म्हटली आहे. त्यामुळे तो आपल्याला पाठ आहे असं वाटतं. परत बघा. जेलर आदिनाथ सहा खुनी कैद्यांना घेऊन ओसाड जमिनीवर येतो, तिथून पुढची जमीन साफ करण्याची, दगड उचलण्याची, पाणी शोधण्याची दृश्यं आज जास्त भिडतात. दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंनी (जेलरही तेच झालेत) त्या माळाचं काळं-पांढरं चित्र असं उभं केलंय की ऊन डोळ्याला टोचतं. आमच्यात बसलेल्या बहुतेकांनी टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी येण्याआधीचा आटपाडी तालुका पाहिलेला आहे. आज तिथं डाळिंबाच्या बागा आहेत, पण तो जुना माळ पडद्यावर दिसला तेव्हा शेडमध्ये कुणी बोललं नाही.

या खेपेला खास बोलावलं होतं ते आमच्या मित्राच्या काकांना. कारागृह विभागातून निवृत्त झालेत. त्यांनी सिनेमा वेगळ्याच जागेवरून पाहिला. कैदी पळून जातात आणि जेलरचे डोळे पाठ सोडत नाहीत म्हणून परत येतात, तो भाग आम्ही सगळे श्वास धरून बघत होतो. काकांचं लक्ष जेलरवर. म्हणाले, "बाबांनो, कुलूप असलं की गिनती दिवसातून ठरलेल्या वेळेला घ्यायची आणि झोपायचं. कुलूप काढलं की गिनती रात्रभर मनात चालू असते. ह्या माणसाच्या तोंडावर ती दिसतीया बघा." त्यानंतर मी शांतारामांचा चेहराच बघत राहिलो. एरवी त्यांचा अभिनय मला थोडा मोठ्या आवाजातला वाटतो. पण कैदी दिसेनासे झाल्यावरची त्यांची घालमेल अगदी खरी आहे, आणि ती दाखवायला काकांसारखा माणूस शेजारी लागला.

बाजाराचा प्रसंग माझ्या मते सिनेमाचा कणा आहे. स्वतः पिकवलेली भाजी घेऊन ते सहाजण बाजारात बसतात, रास्त भावानं विकतात, आणि भाव पडल्यामुळे तिथला व्यापारी पेटतो. मारहाण होते. हात उचलायचा नाही असा शब्द दिलेला असतो, म्हणून ते मार खातात. शीर्षकातले बारा हात इथं कळतात. याच हातांनी खून केलेले आहेत, याच हातांनी नांगरलंय, आणि आता हेच हात आवरून धरायचे आहेत. भाजीच्या टोपल्या उलटतात तेव्हा मागच्या रांगेतून "आरं, माल तुडवू नका रं!" अशी खरीखुरी हाक आली. बाजार समितीत रोज माल नेणारा माणूस होता तो.

चंपावरून मात्र चांगलीच जुंपली. संध्या खेळणी विकत फिरते, गाते, नाचते. माझं मत असं की ती आली की माळाचा ताण सुटतो आणि सिनेमा दुसरीकडं जातो. वहिनींना हे अजिबात पटलं नाही. त्यांचं म्हणणं, सगळे पुरुष पापाचा हिशेब करत बसलेत, जगायचं कसं ते एकटी चंपा दाखवते. वसंत देसाईंचं संगीत तिच्याभोवती आलं की रान बोलायला लागतं, असंही त्या म्हणाल्या. पावसाच्या गाण्यात त्यांचा मुद्दा मला मान्य करावा लागला. बाकी ठिकाणी आमचं एकमत झालेलं नाही, तुम्ही काय म्हणता ते कळवा.

शेवटाबद्दल दोन शब्द. व्यापारी सूड म्हणून पिकात बैल घुसवतो आणि जेलर पीक वाचवताना जीव देतो. बैलाशी झुंजीचं चित्रण करताना शांतारामांच्या डोळ्याला खरोखर मोठी इजा झाली होती. सिनेमाला १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. हे सगळं खरं, आणि प्रसंग अंगावर येतो हेही खरं. पण माझ्या मनात एक रुखरुख राहते. आटपाडीच्या खऱ्या वसाहतीत कैदी कुटुंबासह राहतात, शेती करतात, पोरं शाळेत जातात. तिथं नायकानं मरायची गरज पडलेली नाही. सिनेमा सगळा भार एका थोर माणसाच्या डोळ्यांवर टाकतो, आणि ज्या राजानं, ज्या व्यवस्थेनं हा डाव मांडला, ती गोष्टीतून पुसली जाते. खऱ्या स्वतंत्रपुरातली मोठी गोष्ट रोजच्या सवयीची आहे. ती पडद्यावर आलेली मला बघायची आहे.

आणि म्हणूनच दुसऱ्या शनिवारी 'बनगरवाडी'.

अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा आपल्यातही फार कमी जणांनी पूर्ण पाहिलाय, याचं मला वाईट वाटतं. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, तरी जत्रेतल्या तंबूत किंवा तालुक्याच्या थिएटरात तो आल्याचं आमच्यापैकी कुणाला आठवत नाही. कादंबरी १९५५ ची. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. चंद्रकांत कुलकर्णींनी हा मास्तर केलाय. शाळा बंद, पोरं मेंढरांमागं, आणि कारभाऱ्याशिवाय वाडीत पान हलत नाही.

इथं थोरल्या आणि धाकट्या भावाच्या नजरेतला फरक दिसतो. गदिमांच्या कथेत माणूस माणसाला बदलतो. व्यंकटेशांच्या गोष्टीत मास्तर वाडी बदलायला येतो खरा, पण हळूहळू वाडीच त्याला आपल्यात ओढून घेते. लोक त्याच्याकडं पत्र लिहून घ्यायला येतात, भांडण घेऊन येतात, पैसे ठेवायला देतात. आनंदा रामोशी तर वाडीचा चोर, पण त्याच्यावर राग धरता येत नाही. कुणी कुणाला उपदेश करत नाही. मास्तरची चूक झाली तर वाडी रुसते, आणि मग पुन्हा बोलायला लागते.

तालमीचा भाग आमच्याकडं सगळ्यात जास्त आवडला. मास्तर वाडीला तालीम बांधायला लावतो, ज्याला जे जमेल ते काम तो देतो, आणि उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. पहिल्या सिनेमातून पुसलेला राजा इथं पाहुणा म्हणून वाडीत येतो! तालमीसाठी इतक्या लांब येणारा राजा कुठला, हे औंधचा इतिहास ठाऊक असलेल्याला लगेच कळतं. कुस्ती खेळलेली दोघं-तिघं बसली होती, त्यांनी त्या कच्च्या भिंतींना टाळ्या दिल्या.

कादंबरी वाचलेल्यांना शेकूची बायको आठवत असेल. बैलाची जोड नाही म्हणून ती स्वतः जुवाला खांदा देते. माडगूळकर हे लिहिताना एकही विशेषण वाढवत नाहीत. पालेकरांनी सिनेमाचा सूरही तसाच ठेवलाय, कुठं रडवायला थांबत नाहीत, आणि मला हीच या सिनेमाची सगळ्यात मोठी ताकद वाटते. याच कारणानं काहींना तो संथ वाटला. आमचे एक गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारे, मित्र कोइमतूरहून गावी आले होते. तिकडं तमिळ सिनेमे पहिल्या दिवशी पहिला खेळ बघणारा माणूस. मध्यंतराला स्पष्ट म्हणाले, "चांगलं हाय, पर काय घडतंय तरी कधी?"

मग दुष्काळ येतो. मेंढरं मरायला लागतात, एकेक घर वाडी सोडतं. कुणी निरोप घेतं, कुणी रात्रीच निघून जातं. कोइमतूरचे मित्र शेवटी म्हणाले की पहिला अर्धा अजूनही लांबलाय, पण हा भाग त्यांच्या घरचा आहे. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचे वडील खानापूर तालुक्यातून असेच बाहेर पडले. "आमच्यात मेंढरं न्हवती. सोनं गाळायच्या मुशी घिऊन गेलो, एवढाच फरक." पुढं बराच वेळ त्यांच्या आळीतलं कुठलं घर कुठल्या शहरात गेलं, हेच बोलणं चाललं. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाईवाली माणसं भारतभर पसरली, त्यामागं हा कोरडा मुलूख आहे. ती गोष्ट मराठी पडद्यावर धड आलेलीच नाही. कुणी लिहिणारा असेल तर मजकूर आमच्याकडं भरपूर आहे.

माझं म्हणणं एवढंच की हे दोन सिनेमे जोडीनं बघा, आणि याच क्रमानं. 'दो आँखें' आधी बघितला की माणसावरचा विश्वास पेटतो. 'बनगरवाडी' नंतर लावला की कळतं, कितीही भला माणूस आला तरी पाऊस नाही म्हणजे नाही. मास्तरच्या हातात शेवटी बदलीचा हुकूम येतो आणि वाडीत उरलेलं कुणी नाही. उलट क्रमानं पाहिलं तर 'दो आँखें' सोपा वाटायला लागतो, आणि तसा तो नाही.

नव्यातला एकच उल्लेख. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' (२०२५) घरी पाहिला. सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातल्या कथापटांचं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला हा मराठी सिनेमा. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, आणि त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या. दोघांमधलं प्रेम इतकं साध्या हातानं दाखवलंय की भाच्याबरोबर आणि आईबरोबर एकत्र बसून पाहता आला. आईचं पात्र विशेष. सुतकाचे नियम सांगणारे नातेवाईक एकीकडं आणि मुलाला ओळखणारी आई दुसरीकडं, ती ओढाताण मला आपल्याकडच्या प्रत्येक घरातली वाटली. कॅमेरा एका जागी ठेवून माणसांना बोलू देण्याची जी सवय 'बनगरवाडी' बघताना लागते, ती इथं कामाला येते. सविस्तर पुढं कधीतरी, कारण याच्यावर घाईनं लिहिणं बरं नाही.

पुढच्या खेपेला डॉ. जब्बार पटेलांचा 'सामना' (१९७५). लेखन विजय तेंडुलकरांचं. निळूभाऊ फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील आणि समोर साताऱ्यात जन्मलेले डॉ. श्रीराम लागू. साखर कारखान्याची सत्ता, एक भणंग मास्तर आणि 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा प्रश्न. त्याला जोडून १९७९ चा 'सिंहासन' लावायचा विचार आहे, म्हणजे गावातली सत्ता आणि मंत्रालयातली सत्ता एकापाठोपाठ बघता येईल, आणि निळूभाऊ पाटलाच्या वाड्यातून बातमीदार दिगू टिपणीसच्या खोलीत गेलेले दिसतील. साखर कारखान्यात चिटबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा) म्हणून काम केलेले एक आण्णा यायला तयार झालेत. वाळवा, कराड भागातलं कुणी कारखान्याच्या निवडणुकीत काम केलेलं असेल, तर त्यांनीही यावं. शेडमध्ये सतरंज्या भरपूर आहेत, रात्रीचं पिठलं-भाकरी वहिनींकडं ठरलंय. 'बनगरवाडी'ची याहून स्वच्छ प्रिंट अधिकृतपणे कुठं मिळते ते कुणाला ठाऊक असेल तर सांगा, कारण आमच्या प्रतीत रात्रीचे प्रसंग फार काळे पडतात आणि धनगरांचे चेहरे नीट दिसत नाहीत.