महालातला वाडा आणि अशरचं घर

विदर्भ एक्सप्रेसनं सकाळी नागपूरला उतरले तेव्हा हवेत नुकती थंडी उतरली होती. स्टेशनची १९२५ सालची दगडी इमारत मागे टाकून थेट महालाचा ऑटो धरला. यंदा फुटाळा तलाव नाही, अंबाझरी नाही. मामांचा वाडा पाडायचं ठरलं होतं, सोमवारी मजूर येणार होते. त्याआधी दोन रात्री तिथे राहायचं, एवढ्यासाठीच आले होते.

महाल म्हणजे भोसल्यांचं नागपूर. गांधीगेटातून आत शिरलं की गल्ल्या अरुंद होत जातात आणि माझी पावलं आपोआप ओळखीची वळणं घेतात. तर्री-पोहे वाटेतच खाल्ले. वाड्यात शिरल्यावर आधी नजर गेली ती चौकातल्या भिंतीवरच्या तड्याकडे. छपराच्या कवेलूंच्या खालून निघतो, माडीच्या खिडकीला वळसा घालतो आणि नागमोडी उतरत जोत्यापर्यंत येतो. लहानपणी त्यात माझी करंगळीही जात नसे. आता चार बोटं आत गेली. आत गार माती, चुन्याचे खपले आणि पिंपळाचं दोन पानांचं रोप.

“भिंत काऊन पाहून राहिली गं? चहा घे,” मामा म्हणाले. ते स्वतः मात्र तिकडे पाहत नव्हते.

रात्री मामेभावानं याच भिंतीवर सिनेमा लावला. प्रोजेक्टर मित्राकडून आणलेला. आधी चादर बांधली होती, पण वाऱ्यानं ती हलायला लागली, तेव्हा काढूनच टाकली. सिनेमा त्यानं मुद्दाम निवडला होता: दिग्दर्शक रॉजर कॉर्मनचा १९६० सालचा ‘हाउस ऑफ अशर’, म्हणजे अशरचं घर. एडगर अॅलन पोच्या १८३९ सालच्या कथेवरचा. पोच्या कथेतल्या घरालाही छतापासून खालच्या डोहापर्यंत असाच नागमोडी तडा आहे.

कथा मला जवळजवळ पाठ आहे, म्हणून बदल लगेच जाणवले. पोच्या कथेत निवेदक हा रॉडरिक अशरचा बालमित्र. सिनेमात तो रॉडरिकच्या बहिणीचा, मॅडलीनचा, वाग्दत्त वर होऊन येतो. रिचर्ड मॅथेसननं पटकथेत केलेला हा बदल मला पटला. मित्र घरी परत जाऊ शकतो. लग्न ठरलेला माणूस मुलीला सोडून कसा जाईल?

हा सिनेमा काढणाऱ्या कंपनीची रीत अशी, की दहा-दहा दिवसांत दोन स्वस्त कृष्णधवल सिनेमे काढायचे आणि एका तिकिटात दाखवायचे. कॉर्मननं हट्ट धरून त्याऐवजी एकच रंगीत सिनेमा मागून घेतला. पंधरा दिवस, सुमारे तीन लाख डॉलर. यात राक्षस कुठे आहे, असं विचारल्यावर घर हाच राक्षस, असं त्यानं सांगितलं. पैसा नसला की डोळे उघडे ठेवावे लागतात. हॉलिवूडच्या टेकड्यांवर वणवा लागून गेला होता. तो कॅमेरा घेऊन तिथे पोहोचला आणि काळ्या जळक्या झाडांमधून नायकाला घोड्यावर आणलं. सुरुवातीचं ते दृश्य बघताना चौकात कुणी बोललं नाही. राख खरी आहे, हे दिसतं.

रॉडरिक झालेला नट व्हिन्सेंट प्राइस पांढरे केलेले केस घेऊन येतो. त्याच्या रॉडरिकला आवाज सोसत नाही, साधं पाऊल वाजलं तरी वेदना होतात. त्याच वेळी मामांच्या बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कड्या करकरल्या. मामांनी पाय टेकवून बंगई थांबवली आणि शेवटपर्यंत हलू दिली नाही. पडद्यावरच्या चेहऱ्यातून आमच्या भिंतीचा तडा जात होता, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

मामींना इंग्रजी कळत नव्हतं, पण शवपेटीच्या दृश्याला त्याच आधी बोलल्या, “जिती पुरली का पोरीला त्यानं? सख्खा भाऊ ना हा?” मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते. भुताची नाही. बहीण जिवंत आहे हे माहीत असून गप्प बसलेल्या भावाची.

शेवटी घर जळतं आणि डोहात जातं. पोच्या कथेत आग नाही. घर दुभंगतं आणि डोह त्याला गिळतो. आगीसाठी कॉर्मनला ऑरेंज काउंटीत एक जुनं धान्याचं कोठार सापडलं. ते पाडायचंच होतं. मालकाला पैसे देऊन त्यानं ते रात्री पेटवलं आणि चित्रित करून ठेवलं. त्याच जळत्या तुळया पुढे पोच्या कथांवरच्या त्याच्या इतर सिनेमांतही पुन्हा पुन्हा कोसळतात.

हे भावानं सांगितलं तेव्हा मामांनी वर कडीपाटाकडे पाहिलं. सागवानी तुळया. लाकूड घेणारा येऊन टेपनं मापं घेऊन गेला होता.

“कोणाचं कोठार होतं ते?” त्यांनी विचारलं. आम्हाला दोघांनाही सांगता आलं नाही.

प्रोजेक्टर बंद झाला. थोड्या वेळानं मामा उठले, टॉर्च घेऊन आले आणि भावाला म्हणाले, “मोबाईल काढ.” कवेलूंपासून सुरुवात केली. मामा टॉर्चचा झोत तड्यावरून उतरवत होते, भाऊ त्यामागून मोबाईल. खिडकीपाशी त्याचा हात घाईनं खाली सरकला.

“सावकाश,” मामा म्हणाले. “पुन्हा वरून घे.”