टेक ऑफ, टेक ऑफ, टेक ऑफ

आज भाचीला इंग्रजी शिकवायला बसलो आणि तिनंच माझा क्लास घेतला की राव. शब्द होता टेक ऑफ. मी म्हणलं सोप्पंय, आपल्या सोलापुरात होटगी रोडच्या विमानतळावरनं विमान उडतं ना ते. तर म्हणे मामा, इथं टेक ऑफ युवर शूज लिहिलंय, बूट उडवायचे का?

मग बसलो डिक्शनरी घेऊन. बूट काढायचे, तिथं रिमूव्ह. न सांगता सटकायचं, तिथं लीव्ह. कामाला दांडी मारायची तर टेक अ डे ऑफ, धंदा एकदम जोरात चालला तरी टेक ऑफ, आणि ब्रिटिश लोक तर कुणाची नक्कल केली तरी टेक ऑफच म्हणतात, हे मला या वयात कळलं. त्यात अजून गंमत म्हणजे बूट काढताना टेक देम ऑफ, देम मधी घुसलाच पाहिजे, टेक ऑफ देम म्हणलं की चुकलं. विमानाला ही भानगडच नाही, ते आपलं आपण उडतंय.

मी वैतागून म्हणलं काय भाषाय ही. आई आत चटणीच्या शेंगा कुटत होती, खलबत्ता थांबवून म्हणाली, "आपण नाही का फोटो काढतो, कर्ज काढतो, खोडी काढतो, आणि मे महिन्यात सोलापुरात दिवस काढतो?"

गप्पच बसलो. तेवढ्यात भाचीनं चप्पल घातली, "मामा, आय ॲम टेकिंग ऑफ," आणि पळाली खेळायला. होमवर्क अर्धाच पडलाय.